सुपातला एकटा दाणा

हात धुवा आणि नखं कापा, हे मी गेली तेरा वर्षं गावात सांगत फिरते आहे. आशा सेविकेचं काम म्हणजे निम्मं पालथ्या घड्यावर पाणी. तरी पोरं ऐकतात, बायका ऐकतात, एखादा म्हातारासुद्धा लाजेकाजेस्तव ऐकतो. फक्त धर्माकाकांनी कधी ऐकलं नाही. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख चांगलं लांब वाढलेलं असायचं, पिवळं आणि थोडं आत वळलेलं. "काका, त्यात घाण साठते हो," मी म्हणायचे. ते अंगठा मुठीत लपवायचे आणि म्हणायचे, "असू दे गो. सवय हाय."

आमचं गाव टोकावड्यापासून आत. घाटाकडे जाणारी एसटी फाट्यावर सोडते, पुढे आपले पाय. चाळीस-बेचाळीस घरं, सगळी भातशेतीची. धर्माकाका आमच्या गावचे भगत. भगत म्हणजे दवाखान्याच्या आधी माणूस ज्याच्याकडे जातो तो. त्यामुळे त्यांचं आणि माझं जमण्याचं काही कारणच नव्हतं. मी गोळ्यांची पिशवी घेऊन पुढच्या दाराने शिरायचे, तेव्हा ते सूप काखेत मारून मागच्या दाराने निघत असायचे. मला राग यायचा. पण माणूस वाईट नव्हता. मुरगळलेला पाय बसवावा तर त्यांनीच, आणि नारळाखेरीज कोणाकडून काही घेतलेलं मी पाहिलं नाही.

त्यांची पद्धत अशी होती. घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या उशाखाली मूठभर तांदूळ बांधून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी काका यायचे, ते तांदूळ सुपात ओतायचे, त्यातली एक चिमूट बाजूला घ्यायचे आणि कोणाचं तरी नाव उच्चारायचे. मग अंगठा आणि बोट यांनी दोन-दोन दाणे सरकवत जायचे. दाणे जोडीने संपले तर ते नाव सुटलं. शेवटी एक दाणा एकटा उरला तर नाव लागलं. म्हणजे त्या माणसाने करणी केली असं ठरलं. त्यांचे आजोबा भगत होते, त्यांच्याकडून हे आलेलं. आमच्या गावात मोठमोठी माणसं त्या एका दाण्याकडे श्वास रोखून बघत बसायची.

नऊ वर्षांपूर्वी महिपतचं पहिलं बाळ गेलं. महिपत आमच्या गावचा मोठा शेतकरी, घरात आई, बायको रेश्मा आणि ते सहा दिवसांचं पोर. बाळ वजनाला कमी होतं, दूध ओढत नव्हतं. मी दोन दिवस दारात उभी राहून घसा कोरडा केला, दवाखान्यात न्या म्हणून. त्यांनी तांदूळ बांधले. बाळ गेल्यावर काकांनी सूप मांडलं आणि नाव लागलं मंगळीचं.

मंगळी विधवा होती. मुलगी कमळ लग्न होऊन आटगावला गेलेली, ही इथे एकटी. बाळ बघायला आली होती आणि "गोड हाय गो पोर" एवढं बोलली होती. तेवढं पुरलं. लोकांनी तिची चूल फोडली, मडकी अंगणात आणून आपटली. मी तिथे होते. असं करणं गुन्हा आहे, त्याचा कायदा आहे, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं मला तोंडपाठ होतं. मी तोंड उघडलं नाही. तिन्हीसांजेला ती एक गाठोडं घेऊन गावातून निघून गेली. जाताना कुठल्या कुठल्या दारात थांबली, ते पुढे कोणी कधी बोललं नाही.

ती कमळकडे आटगावला गेली. कमळ तिथल्या एका कंपनीत पॅकिंगला जायची, घरी म्हातारी एकटी. दोन पावसाळे ती त्या खोलीतून बाहेर आली नाही, असं ऐकलं. तिसऱ्या वर्षी वारली.

त्याच्याही आधीपासून धर्माकाकांचं काहीतरी बिनसलं होतं. सुरुवात ताटापासून झाली. जेवून उठायच्या वेळी ताटाच्या कडेला भाताचं एक शीत उरलेलं असायचं. ते खाल्लं तर दुसरं दिसायचं. पुसून काढलं तरी पाण्याच्या थेंबाखाली एक असायचंच. शेवटी त्यांनी भात सोडला. भाताच्या गावात हा माणूस वर्षानुवर्षं नाचणीची भाकरी खाऊन राहिला आणि लोकांना वाटलं, काका मोठं व्रत करतायत. त्यांचं नाव आणखी वाढलं. शहापूरकडून माणसं येऊ लागली.

मग सूप पाखडल्याचा आवाज सुरू झाला. तोही भर दुपारी, माणसं शेतावर असताना. घरामागे कोणी तरी सूप पाखडतंय, मधूनच थांबून बोटाने खडा वेचतंय, पुन्हा पाखडतंय. काका उठून मागे जायचे. मागे कोणी नाही. परत यावं तर त्यांचं सूप खुंटीवर टांगलेलं आणि हलत असलेलं. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं, की हा माणूस वाळत चाललाय आणि बोलता बोलता मान वळवून मागे बघतोय. रक्त तपासायला पाठवलं, काही निघालं नाही. कुलदैवताला जाऊन आले, लांबच्या दोन भगतांकडे जाऊन आले. देवाने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. काकांनी देवाला तरी खरं कुठे सांगितलं होतं?

खरं त्यांनी सांगितलं ते मुरबाडला, एका पंक्चरवाल्याला. रविंद्र त्याचं नाव. एसटी स्टँडजवळ टपरी, आणि रविवारी टपरीमागच्या पत्र्याच्या खोलीत दहा-पंधरा माणसं येशूच्या प्रार्थनेला जमतात, त्यांचा हा पाळक. काका सायकलचं चाक घेऊन गेले होते. जेवायची वेळ होती. रविंद्रने डबा उघडला, अर्धा भात झाकणात काढून पुढे केला, आणि काकांनी तोंड फिरवलं. "भाताला काय झालं काका?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. काका त्या टपरीत टायरांच्या ढिगावर बसून रडले.

रविंद्रने त्या दिवशी त्यांना एक गोष्ट सांगितली. एका बाईला गर्दीने धरून आणलं, हिला काय करायचं ते तू सांग म्हणून येशूला विचारलं, आणि तो वाकून बोटाने मातीत काहीतरी लिहीत राहिला. काकांनी मधेच थांबवून विचारलं, "त्यानं नाव सांगितलं का कुणाचं?" रविंद्र म्हणाला, नाही. "एवढी माणसं समोर उभी आणि त्यानं नाव सांगितलं नाय?" रविंद्र पुन्हा नाही म्हणाला. काका मला सांगत होते, "गो, माझ्या अंगावर काटा आला. माणसं गोल करून उभी र्‍हायली, सगळ्यांचे डोळे आपल्यावर, आणि नाव सांगायचं नाय, हे कुणाला जमतं? मला एकदा पन जमलं नाय."

वर्षभराने त्यांनी काळू नदीत बाप्तिस्मा घेतला. लहानपणापासून त्या नदीत पोहलेला माणूस, पण रविंद्रने धरून पाण्याखाली नेलं तेव्हा म्हणे गटांगळ्या खाल्ल्या. गावाने टिंगल केली. "येशूवाला" असं नाव पडलं. काकांनी सूप मांडणं बंद केलं. ते सूप जाळायला म्हणून त्यांनी मुरबाडला नेलं, तर रविंद्र म्हणाला, "सुपानं काय केलंय? तांदूळ पाखडा त्यात." म्हणून ते परत खुंटीवर आलं.

पण नख तसंच राहिलं. आणि दुपारचा आवाजही.

मी त्यांना छेडलं, "काय काका, येशूलाही ऐकू येतं का ते पाखडणं?" माझा स्वभाव असा, जखमेवर बोट ठेवल्याशिवाय राहवत नाही. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मी आटगावला गेलो व्हतो. कमळकडं. पाय धरले. म्हटलं माझी चूक झाली. ती म्हणाली, हितं नको सांगू. जिथं सांगितलंस तिथं सांग. आणि दार लावलं." "दोन वर्सं झाली. रोज सांगायला निघतो. रोज परत येतो. दारुड्याला वास आला की कसं व्हतं, तसं माझं हाय. चार माणसं गप झाली आणि माझ्याकडं बघायला लागली की अंगठा आपोआप हलतो. खरं सांगितलं तर पुन्हा कुणी तसं बघनार नाय माझ्याकडं." साठी उलटलेला माणूस हे बोलताना त्या अंगठ्यावर दुसरा हात दाबून बसला होता, आणि मला त्याची कीव आली.

यंदा गणपती होऊन गेल्यावर, भात पोटरीत आलेलं असताना, महिपतची भाविका तापाने पडली. बाळ गेल्यानंतर झालेली ही एकुलती मुलगी, सात वर्षांची. मी किट लावून बघितलं तर मलेरिया, आणि साधा नव्हे. पोरगी ग्लानीत जात होती. मी १०८ बोलावली. चिखलामुळे गाडी फाट्यावरच थांबली, तिथपर्यंत झोळीतून न्यावं लागणार होतं. महिपत दारात आडवा उभा राहिला.

"आदी नाव," तो म्हणाला. "नाव कळल्याबिगर पोर शीव ओलांडनार नाय. मागच्या टायमाला गेलं ते गेलं."

नाव त्याच्या मनात ठरलेलं होतं. गोजर, शेजारच्या बांधाची म्हातारी, एकटी राहणारी. तिने भाविकाला चार दिवसांपूर्वी काकडी दिली होती. अंगणात पंचवीस-तीस माणसं जमली होती आणि गोजर स्वतःच्या घराची कडी आतून लावून बसली होती. नऊ वर्षांपूर्वीचीच ती माणसं. महिपतने धर्माकाकांना आणायला माणूस धाडला. मला वाटलं, येणार नाहीत. काका आले, आणि काखेत सूप.

त्यांना पाट दिला, सुपारी पुढे केली. येशूवाला म्हणून हसणारे सगळे आज "काका, काका" करत होते. रेश्माने उशाखालचे तांदूळ आणून सुपात ओतले. मी घाईने जवळ वाकले आणि कानात म्हटलं, "काका, कोणाचं नाव नका घेऊ. बाहेरचं आहे म्हणा, घाटातलं आहे म्हणा. नारळ फोडा आणि मला पोरगी नेऊ द्या."

ते मान खाली घालून बसले. चिमूट घेतलेली, हात सुपावर आणि ओठ हलत होते. लोकांना वाटलं मंत्र चाललाय. अंगण एवढं गप्प झालं की आत भाविकाचा श्वास ऐकू येत होता. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते.

"महिपत, नाव घे," ते म्हणाले.

"गोजर," महिपत लगेच म्हणाला.

"तिचं नंतर. आदी तुझं घे."

महिपत गोंधळला. काकांनी त्याचं नाव घेऊन दाणे सरकवले. एक एकटा उरला. लोक हलले. "आता माझं. धर्मा." पुन्हा एक उरला. मागून कोणीतरी कुत्सितपणे म्हणालं, "येशूचं घ्या की मंग!" काकांनी घेतलं. एक उरला. "बघा," ते म्हणाले, "तो पन लागला. आता कुणाला गावाबाहेर काढता?"

मग त्यांनी हात वर केला आणि अंगठा सगळ्यांना दाखवला. त्या पिवळ्या नखाखाली तांदळाचा एक दाणा अडकलेला होता. "हे असं हाय. नाव लावायचं असलं की हा टाकायचा. सोडायचं असलं की एक उचलून आत घ्यायचा. माझ्या आज्यानं शिकवलं. म्हणाला देव दाना देतो, आपन हात देतो. मी पन तसंच समजलो. तुमी येताना नाव घेऊन येता. ते तुमच्या तोंडावर दिसतं. मी तेच नाव तुमाला परत देतो."

"मंगळीचे दाने जोडीनं संपले व्हते," काका म्हणाले. "ती सुटली व्हती. पन तिचं नाव घेतल्यावर तुमी सगळे माझ्याकडं असं बघायला लागला, की मी हा टाकला. देवानं नाय. मी."

महिपतच्या आईने पदर तोंडात कोंबला. महिपत पुढे झाला, मला वाटलं आता मारतो. पण त्याच्या आधी रेश्मा दारात आली. ती फार बोलणारी बाई नाही. तिने काकांना विचारलं, "मंग माझं बाळ कशानं गेलं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते मी दिलं नाही. रेश्माने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला काय कळायचं ते कळलं असावं. तिने आत जाऊन भाविकाला उचललं, नवऱ्याला बाजूला ढकललं आणि चिखलातून फाट्याच्या दिशेने चालू लागली. मी झोळी घेऊन तिच्यामागे धावले.

भाविका बरी झाली. आठ दिवसांनी घरी आली.

गाव मात्र काकांवर उलटलं. आधी येशूवाला होते, आता खोटारडे झाले. लोकांना फसवल्याचा राग होता, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. इतकी वर्षं मंगळीचं ओझं एकट्या सुपाने उचललं होतं, ते एका दुपारी सगळ्यांच्या डोक्यावर वाटून आलं. महिपतची आई आता घरामागच्या अंगणात एकटी जात नाही. त्या दिवशी मडकी फोडणाऱ्यांपैकी एकाने घरातली सगळी सुपं नेऊन ओढ्यात टाकली. काकांच्या घरी फक्त गोजर जाते, काकडी घेऊन.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. ते ओट्यावर जेवत बसले होते. ताटात भात होता, वर आमटी, आणि ते मन लावून खात होते. अंगठ्याचं नख कापलेलं, तेही विळ्याने, वेडंवाकडं. मी समोर बसले.

"कमळकडं जाऊन आलो," ते म्हणाले. "म्हटलं, जिथं सांगितलं व्हतं तिथं सांगितलं."

"मग? माफ केलं?"

"नाय. पन पानी दिलंन." ते हसले. असे हसताना मी त्यांना नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. "माफी त्या दिवशी सुपावर हात ठेवून मागितली, वरच्याकडं. तू कानात सांगितलंस ना, बाहेरचं म्हना? ते सगळ्यात गोड व्हतं बघ. गोजर वाचली असती, मी पन वाचलो असतो. मी म्हटलं, प्रभू, माझ्यानं व्हत नाय, तू सोडव. तो काय बोलला नाय. पन ती बाई डोळ्यासमोर आली, गर्दीतली. आणि तिचं तोंड मंगळीचं व्हतं. मंग भीती उरली नाय. लोक बघत व्हते, आणि अंगठा माझा माझा हलला, त्यांच्यासाठी नाय."

"आवाज येतो अजून?"

"एकदा आला. मी मागं जाऊन म्हटलं, मंगळे, बस, पाखड तुला पाखडायचं तेवढं. आता झोप लागते."

मी उठले. मला का कोण जाणे, तिथून लवकर निघायचं होतं. माझ्या घरी गेले कित्येक दिवस संध्याकाळी दाराची कडी वाजते. सुनिल म्हणतो, वारा आहे. माझ्या नवऱ्याला सगळंच वारा वाटतं. मी उघडायला जाते आणि हात कडीपर्यंत पोचत नाही.

पायरी उतरताना काका मागून म्हणाले, "ती जाताना तुझ्या दारात आली व्हती ना गो?"

मी वळून पाहिलं. त्यांच्या ओट्यावरून माझं दार समोर दिसत होतं. नऊ वर्षं समोर दिसत होतं.

"तुम्ही त्या दिवशी अंगणात बोलला नाहीत," मी म्हटलं.

"मी आता कुनाचं नाव सांगत नाय," काका म्हणाले, आणि ताटातलं शेवटचं शीत बोटाने टिपून तोंडात घातलं. "ज्याचं त्यानं सांगायचं."

मी येशूची झालेली नाही. आमच्या घरी गणपती बसतो आणि बसत राहील. पण कडी रोज वाजते आहे, आणि आटगावला जाण्याआधी हे इथे, माझ्याच गावात, सांगायला हवं. त्या तिन्हीसांजेला मंगळी माझ्या दारात आली होती. फक्त आजची रात राहू दे म्हणाली. माझा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा होता, आणि मी, सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारी, त्याला तिची नजर लागेल म्हणून घाबरले. मी कडी आतून लावली. माझं नाव शीतल सुनिल हरड.